काचेच्या पेटीतली ऐरण : आफ्रिकी लोहाराची अवजारं आणि 'ट्रायबल आर्ट'चा बाजार

आजचा विषय जरा आडवाटेचा आहे. आफ्रिकी कला म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मुखवटा येतो, फार तर लाकडी पुतळा येतो. मी आज बोलणार आहे हातोडा, ऐरण, भाता आणि सांडशी यांच्याबद्दल. सहाराच्या दक्षिणेकडच्या लोहारांनी शतकानुशतकं वापरलेली ही अवजारं आज युरोप-अमेरिकेतल्या लिलावांत, गॅलऱ्यांत आणि खाजगी संग्रहांत 'ट्रायबल आर्ट' म्हणून विकली जातात. काळ्या लाकडाच्या चौथऱ्यावर उभं केलेलं लोखंड, वरून दिव्याचा एक झोत, आणि खाली छोटी चिठ्ठी : हातोडा, काँगो, लोखंड, कलाकार अज्ञात.

प्रश्न साधा आहे. या हातोड्याला कलावस्तू म्हणताना आपण नेमकं कशाचं कौतुक करतो? आणि ते करताना काय पुसून टाकतो?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला वाद घालायला सोपं जाईल. ही अवजारं सुंदर आहेत, त्यांना कला म्हणणं चूक नाही. पण बाजार त्यांना ज्या कारणासाठी कला म्हणतो ते कारण चुकीचं आहे. बाजाराला दिसतो तो आकार. या अवजारांचं सौंदर्य मात्र घावातून, अधिकारातून आणि माणसाच्या हातातून आलेलं आहे. या तीन गोष्टी काढून घेतल्या की उरतो तो लोखंडाचा एक देखणा तुकडा, बाकी काही नाही.

आता आधी वस्तू नीट बघू या. घाई करू नका, कारण टीकेची सुरुवात बघण्यापासून होते.

हातोडा म्हटलं की आपण लाकडी दांडा गृहीत धरतो. मध्य आफ्रिकेत बऱ्याच ठिकाणी लोहाराच्या हातोड्याला दांडाच नसतो. ती एक भरीव लोखंडी कांब असते, एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाकडे निमुळती. लोहार ती मधोमध मुठीत धरतो आणि सरळ खाली आणतो. तीच कांब निमुळत्या टोकाने जमिनीत किंवा लाकडाच्या ओंडक्यात ठोकली की तिची ऐरण होते. म्हणजे मारणारं आणि मार खाणारं अवजार एकच! अनेक ठिकाणी ऐरण म्हणजे नुसता मोठा, कठीण दगड असतो. भाता लाकडाचा किंवा मातीचा असतो. त्याला दोन वाट्या, त्यांवर सैल बांधलेलं कातडं, कातड्याला काठ्या. एक काठी वर, एक खाली, अशी आळीपाळीने हालचाल झाली की वारा न तुटता मातीच्या नळीतून निखाऱ्यांत जातो.

एवढ्या सामानावर काय होत होतं हेही लक्षात घ्या. भट्टीत खनिजापासून जे लोखंड मिळायचं ते बहुधा पूर्ण वितळलेलं नसायचं. हाती यायचा तो मळीने भरलेला, स्पंजासारखा गोळा. तो पुन्हा पुन्हा तापवून, ठोकून त्यातली मळी बाहेर काढायची, आणि मगच कुदळ, भाला, सुरी. बुर्किना फासोमधल्या प्राचीन लोहभट्ट्यांच्या पाच स्थळांना युनेस्कोने २०१९ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. त्यांतल्या दूरुला या ठिकाणचा पुरावा इसवी सनापूर्वीच्या आठव्या शतकापर्यंत मागे जातो. म्हणजे आपण जवळपास पावणेतीन हजार वर्षांच्या कामाबद्दल बोलत आहोत. 'ट्रायबल' या शब्दाला जो एक कालातीत, इतिहास नसलेला वास येतो, तो इथेच सोडून द्यायला हवा.

हे झालं काम. आता अधिकार.

काँगोच्या आग्नेय भागात लुबा लोकांचं मोठं राज्य होतं. त्यांच्या राज्यारोहणाच्या विधीत एक भाग होता, त्याचा अर्थ 'ऐरणीवर घाव घालणं' असा. ऐरणीवर पडतात तसे ठोके नव्या राजाला देण्याचा हा विधी. लोहार जसं लोखंडाला रूप देतो तसं त्या माणसाला राजाचं रूप द्यायचं. लुबा स्त्रिया केसांत ज्या लोखंडी टाचण्या खोचत त्यांचा आकारही लहानशा ऐरणीचा. त्याच प्रदेशात, उपेम्बा खोऱ्यातल्या कातोंगो इथे, पुरातत्त्वज्ञ पिएर द मारे यांना हजारेक वर्षांपूर्वीच्या एका दफनात मृताच्या कवटीजवळ लोखंडी ऐरण आणि सोबत सजवलेल्या दांड्याची कुऱ्हाड सापडली. लुबा राजांच्या कथांहून हे दफन कितीतरी जुनं आहे. काँगोतल्याच कुबा राजांचे लाकडी पुतळे, ज्यांना 'न्दोप' म्हणतात, त्यांत प्रत्येक राजाची ओळख त्याच्यापुढे कोरलेल्या चिन्हावरून पटते. शाम या राजाच्या पुढे मंकाला खेळाचा पट आहे, तर एका राजाच्या पुढे चक्क ऐरण आहे. त्याची आठवण लोहार राजा म्हणून ठेवायची होती.

आता युगांडात या. न्योरो लोहार नवा ऐरणीचा दगड घरी आणताना नवरी घरी आणावी तसा विधी करीत, अशी नोंद जॉन रॉस्को या मिशनऱ्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात करून ठेवली आहे. आणि नायजेरियात योरुबा लोकांचा ओगुन हा लोखंडाचा देव. त्याचे उपासक आजही शपथ घेताना लोखंडाच्या तुकड्याला साक्षी ठेवतात, आणि कोर्टातही अशी शपथ चालते.

आपल्याला हे अगदीच परकं वाटायचं कारण नाही. खंडेनवमीला आपल्याकडे अवजारांना गंधफूल वाहतात आणि दुसऱ्या दिवशी तीच अवजारं कामाला लागतात. मात्र तुलना इथपर्यंतच ठेवू. 'अरे, हे तर आपल्यासारखंच' असं म्हणून समोरची वस्तू खिशात टाकणं हादेखील एक प्रकारचा संग्रहच आहे, आणि तो फुकटात होतो.

पश्चिमेकडे माली आणि आसपासच्या मांदे भाषकांत लोहारांना 'नुमु' म्हणतात. त्यांचं लग्न त्यांच्यातच होतं, त्यांच्या बायका कुंभारकाम करतात. पॅट्रिक मॅकनॉटन या अभ्यासकाने बामाना लोहारांच्या हाताखाली काही काळ शिकून १९८८ साली 'द मांदे ब्लॅकस्मिथ्स' हे पुस्तक लिहिलं. त्यातला मुख्य मुद्दा असा : नुमु फक्त लोखंड घडवत नाही. तो मुखवटे कोरतो, सुंता करतो, औषध देतो, भांडणं मिटवतो. जगात भरून राहिलेली 'न्यामा' नावाची शक्ती हाताळायची विद्या त्याच्याकडे आहे असं मानतात. म्हणून त्याच्याबद्दल आदरही आहे आणि भीतीही. लोक त्याला जवळ करतात आणि दूरही ठेवतात.

गंमत बघा. ज्या बामाना मुखवट्यांसाठी संग्राहक वेडे होतात, ते मुखवटे याच लोहाराने कोरलेले असतात. मुखवटा आधी कला झाला. ज्याच्या भट्टीत मुखवटा कोरण्याचं पातं तयार झालं, त्या भट्टीजवळचा हातोडा मात्र कितीतरी वर्षं 'नित्योपयोगी वस्तू' या सदरात, संग्रहालयाच्या खणात पडून राहिला.

तो खणातून बाहेर कसा आला, ते आता पाहू.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत पॅरिसमध्ये आफ्रिकी शिल्पाची बाजारपेठ उभी राहिली. पॉल गियोम, शार्ल रातों यांच्यासारखे व्यापारी होते. त्यांच्यासाठी वस्तूंचे चौथरे बनवणारा एक जपानी कारागीर पॅरिसमध्ये होता, किचिझो इनागाकी. त्याचे लाकडी चौथरे इतके नाजूक आणि मोजके असत की आज वस्तूखाली 'इनागाकी चौथरा' असणं हीसुद्धा किंमत वाढवणारी गोष्ट समजली जाते. मला हा तपशील फार बोलका वाटतो. आफ्रिकेतल्या कारागिराचं नाव नाही, पण त्याच्या कामाला पॅरिसमध्ये आधार देणाऱ्या कारागिराचं नाव आहे. दोघेही कारागीरच. एकाला सही मिळाली, दुसऱ्याला 'अज्ञात'.

१९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने 'प्रिमिटिव्हिझम' हे गाजलेलं प्रदर्शन भरवलं. पिकासो आणि मंडळींची चित्रंशिल्पं, आणि शेजारी आफ्रिका-ओशनियातल्या वस्तू. टॉमस मॅकएव्हिली यांनी 'आर्टफोरम'मध्ये त्याच्यावर कडाडून टीका केली. या वस्तूंना ना तारीख, ना उपयोग, ना संदर्भ. युरोपीय कलावंतांच्या प्रतिभेची साक्ष द्यायला त्यांना उभं केलं आहे, असा त्यांचा आक्षेप होता.

मग १९८८ मध्ये सुझन व्होगेल यांनी न्यूयॉर्कमध्येच 'आर्ट/आर्टिफॅक्ट' नावाचं प्रदर्शन केलं. त्यात त्यांनी झांदे लोकांचं शिकारीचं एक जाळं, नीट गुंडाळून बांधलेलं, पांढऱ्या भिंतींच्या दालनात ठेवून दिलं. अगदी समकालीन शिल्प ठेवावं तसं. प्रश्न हाच होता की मांडणी बदलली की वस्तू बदलते का?

या जाळ्यावरून जो वाद झाला तो आपल्या हातोड्याला थेट लागू पडतो, म्हणून थोडक्यात सांगतो. तत्त्वज्ञ आर्थर डँटो यांनी त्या प्रदर्शनाच्या पुस्तकात एक कल्पित गोष्ट मांडली. दोन शेजारी जमाती आहेत. एकीला मडकी पवित्र, टोपल्या नुसत्या कामाच्या. दुसरीचं नेमकं उलटं. बघायला दोघांची मडकी सारखी, टोपल्याही सारख्या. तरी एकीकडे मडकं कला आणि दुसरीकडे फक्त भांडं, कारण कलाकृतीत अर्थ असतो आणि अवजाराचा सगळा अर्थ उपयोगात संपतो. त्यामुळे त्यांच्या मते जाळं म्हणजे कला नव्हे. यावर मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड गेल यांनी १९९६ मध्ये उत्तर दिलं. ते म्हणाले, सापळा नीट बघा. सापळ्यात शिकाऱ्याची बुद्धी असते आणि सावजाच्या सवयींचं ज्ञानही असतं. तो एका मनाने दुसऱ्या जिवाबद्दल केलेला विचार आहे. मग तो कलाकृतीपेक्षा कमी कसा?

माझं मत गेल यांच्या बाजूला झुकतं, पण लोहाराच्या अवजारांनी हा वाद एक पाऊल पुढे नेता येतो. डँटो यांची गोष्ट चालण्यासाठी एक गृहीत लागतं : काम एकीकडे, अर्थ दुसरीकडे. लुबा ऐरणीत तसे दोन कप्पे नाहीतच. ऐरणीवर लोखंड रूप बदलतं, हे रोज डोळ्यांनी दिसत होतं, म्हणूनच ती राजा घडवण्याचं चिन्ह होऊ शकली. काम थांबलं असतं तर अर्थही आटला असता. मडकं किंवा टोपली असा सवालच इथे उभा राहत नाही. अर्थ उपयोगात संपत नाही. तो उपयोगातून उगवतो.

हे मान्य केलं की बाजाराची मांडणी कुठे कमी पडते ते स्पष्ट दिसायला लागतं. मी तीन उदाहरणं देतो.

पहिलं उदाहरण भात्याचं. गॅबन, काँगो, अंगोला या पट्ट्यातले कोरीव लाकडी भाते संग्राहकांचे फार आवडते. काहींना माणसाचं डोकं कोरलेलं असतं, दोन वाट्या म्हणजे जणू शरीराचा खालचा भाग, आणि पुढची नळी. पेटीत उभे केलेले हे भाते शिल्पासारखे दिसतात, यात वाद नाही. पण त्यांच्यावरचं कातडं बहुधा गेलेलं असतं, काठ्या गेलेल्या असतात. म्हणजे आपण ज्याला पूर्ण शिल्प समजून बघतो, ते फुप्फुसं काढलेलं शरीर आहे. भाता ही मुळात श्वास घेणारी, आवाज करणारी वस्तू. दोन काठ्यांचा ताल, त्याच्या वेगावर निखाऱ्याचा रंग, निखाऱ्याच्या रंगावर घावाची वेळ. युजेनिया हर्बर्ट यांनी १९९३ च्या 'आयर्न, जेंडर अँड पॉवर' या पुस्तकात दाखवलं आहे की आफ्रिकेतल्या कित्येक समाजांत लोखंड गाळणं हे गर्भधारणेसारखं मानलं जाई. भट्टी ही स्त्री; काही शोना भट्ट्यांवर तर मातीचे स्तन घडवलेले आहेत. भाता आणि नळी पुरुषाच्या बाजूला. गाळणीच्या दिवसांत लोहारांनी स्त्रीसंग टाळायचा, कारण त्या दिवसांत त्यांचा संसार भट्टीशी. आणि खऱ्या स्त्रियांना बहुतेक ठिकाणी भट्टीजवळ यायला मनाई. हेही विसरू नका, नाहीतर आपण सगळंच काव्यमय करून टाकू. जन्म देण्याची शक्ती उसनी घ्यायची आणि जन्म देणारीला दूर ठेवायचं, असं राजकारण त्या सुंदर भात्यात आहे. चौथऱ्यावरच्या भात्यात श्वास नाही, ताल नाही, आणि हे राजकारणही नाही.

दुसरं उदाहरण 'करन्सी' या शब्दाचं. लोखंडाची कितीतरी आफ्रिकी पाती बाजारात 'चलन' या नावाखाली विकली जातात. गॅबन-काँगो भागातल्या क्वेले लोकांची नांगराच्या फाळासारखी किंवा जहाजाच्या नांगरासारखी दिसणारी पाती, काँगो नदीकाठची माणसाच्या उंचीला येणारी भाल्याची प्रचंड पाती. आधुनिक शिल्प म्हणून ती दिवाणखान्यात फार शोभतात. यांतली बरीच पाती लग्नात वधूच्या घरी द्यायच्या देण्यात मोजली जात. 'चलन' म्हटलं की आपल्याला बाजारातली नोट आठवते. पण ज्याने दोन घराण्यांचं नातं जोडलं, ते सुटे पैसे नव्हेत.

गिनी, लायबेरिया, सिएरा लिओन या सीमाभागातल्या 'किसी पेनी'चं बघा. लांब, पिळदार लोखंडी सळई. एक टोक चपटं, दुसरं इंग्रजी टी अक्षरासारखं. ती मोडली तर तिच्यातला जीव जातो आणि विधी करणारा जाणकार माणूस ती पुन्हा जोडेपर्यंत तिला किंमत नाही, अशी समजूत होती. आत्मा असलेला पैसा! आता हीच सळई इंटरनेटवर जुडग्याने विकली जाते. खाली लिहिलेलं असतं : आदिम चलन, भिंतीवर टांगायला उत्तम.

तिसरं उदाहरण 'पॅटिना'चं, म्हणजे वापराने आलेल्या झिलईचं. इथे बाजाराची गोची आहे. संग्राहकाला नवी वस्तू नको. त्याला घामाने काळी झालेली, घावांनी कडा पसरलेली, 'खरोखर वापरलेली' वस्तू हवी. वापराच्या खुणा असतील तर किंमत वाढते. म्हणजे काम हवं आहे, पण काम करणारा नको आहे. कष्टाची खूण विकत घ्यायची आणि कष्ट करणाऱ्याला 'अज्ञात' म्हणायचं. त्यातून पुढचा प्रकार ओघानेच आला : नव्या वस्तू मुद्दाम गंजवून, घासून, धुरावून जुन्या करायच्या. आणि हे काम कोण करतं? बऱ्याचदा आजचे लोहारच. त्यांच्याकडे लोखंड घडवायचं जिवंत कौशल्य आहे. पण बाजार त्यांना सांगतो, आपल्या नावाने नवं काही करू नकोस, तुझ्या मेलेल्या आजोबाच्या नावाने खोटं कर. त्याला भाव आहे. एखाद्या कलेचा याहून मोठा अपमान मला तरी सुचत नाही.

आता दुसरी बाजू. २०१८ मध्ये लॉस एंजेलिसच्या फाउलर म्युझियमने 'स्ट्रायकिंग आयर्न : द आर्ट ऑफ आफ्रिकन ब्लॅकस्मिथ्स' हे प्रदर्शन भरवलं. दोनशेंहून अधिक वस्तू होत्या. २०१९ मध्ये ते वॉशिंग्टनच्या नॅशनल म्युझियम ऑफ आफ्रिकन आर्टमध्ये आणि नंतर पॅरिसच्या के ब्रानली संग्रहालयात गेलं. मांडणी करणाऱ्या गटाचं नेतृत्व टॉम जॉयस यांच्याकडे होतं. जॉयस स्वतः लोहार आणि शिल्पकार आहेत. त्यांच्याबरोबर अॅलन रॉबर्ट्स, मार्ला बर्न्स, विल्यम ड्यूई, हेन्री ड्रूअल हे आफ्रिकी कलेचे अभ्यासक होते.

या उपक्रमाचं मोठेपण मला कशात वाटतं? लोखंड हे माध्यम म्हणून केंद्रस्थानी आलं. मुखवट्याच्या सावलीत नाही, स्वतःच्या पायांवर. लोहाराने लोहाराचं काम वाचलं. कुठे लोखंड पिळलं, कुठे चिरलं, कुठे किती उष्णता असताना शेवटचा घाव पडला, हे ज्याने भट्टीजवळ आयुष्य काढलं आहे त्यालाच दिसतं. आम्ही समीक्षक आकाराबद्दल पानं भरतो, पण हा आकार एकाच तापात घेतला की चार तापांत, हे आम्हाला सांगता येत नाही. हातोड्याचा सर्वांत चांगला समीक्षक लोहारच, हे या प्रदर्शनाने सिद्ध केलं.

मर्यादा कुठे? मर्यादा त्या मांडणाऱ्यांच्या डोळ्यांची नाही, व्यवस्थेची आहे. लोखंड तिथलं, हात तिथले, आणि प्रदर्शन फिरलं लॉस एंजेलिस, वॉशिंग्टन, पॅरिस. ज्या गावांत ही अवजारं घडली तिथल्या तरुण लोहाराला ती बघायची असतील तर व्हिसा लागतो.

आणि इथे एका वस्तूचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पॅरिसला, लूव्रमध्ये लोखंडाचा एक पुतळा उभा आहे. उंची साधारण माणसाएवढी. हा 'गू', फोन लोकांचा लोखंडाचा आणि युद्धाचा देव. दाहोमेचा, म्हणजे आजच्या बेनिन देशातल्या जुन्या राज्याचा, राजा ग्लेले याच्यासाठी १८५८ च्या सुमारास तो घडवला गेला. युरोपातून आलेलं लोखंड पुन्हा ठोकून तो केला आहे. त्याच्या डोक्यावरच्या टोपीवर लहान लहान लोखंडी अवजारं आणि शस्त्रं उभी आहेत. देवाच्या मस्तकावर लोहाराचं आणि शेतकऱ्याचं सामान! आपल्या विषयाचं याहून चांगलं चित्र कुठे मिळणार?

आणि याच्या कर्त्याचं नाव आपल्याला माहीत आहे : आकाती एक्प्लेकेंदो. म्हणजे 'कलाकार अज्ञात' ही आफ्रिकी कलेची प्रकृती नव्हे. विचारलं असतं तर नावं मिळाली असती. विचारलं नाही, म्हणून मिळाली नाहीत.

हा पुतळा १८९० च्या दशकातल्या फ्रेंच लष्करी मोहिमेच्या काळात फ्रान्सला गेला. २०१८ मध्ये फेलविन सार आणि बेनेदिक्त साव्हुआ यांनी आफ्रिकी वारसा परत करण्याबद्दलचा अहवाल फ्रान्सच्या अध्यक्षांना दिला. २०२१ मध्ये आबोमेच्या राजवाड्यातून लुटलेल्या २६ वस्तू बेनिनला परत मिळाल्या. गू त्या २६ मध्ये नव्हता.

यातून मला जे म्हणायचं आहे ते असं. वस्तूला कला म्हटलं की तिचा मान वाढतो, हे खरं. पण एकदा ती जागतिक कलेचा मानबिंदू झाली की तिला परत न देण्याचं कारणही तेच होतं. 'आम्ही तिला लूव्रमध्ये बसवलं, आणखी काय हवं?' कौतुक हे ताब्याचं समर्थन होऊ शकतं. म्हणून कौतुक करताना सावध राहावं लागतं.

मग या अवजारांकडे बघावं कसं? मी तीन साध्या कसोट्या सुचवतो.

पहिली, घाव. हातोड्याचं तोंड बघा. ते एका बाजूला जास्त झिजलं आहे का? त्याची कडा छत्रीसारखी बाहेर वळली आहे का? ती झीज म्हणजे हजारो घावांची नोंद आहे. तिला नुसता 'पोत' म्हणू नका. मातीच्या नळीचं टोक काचेसारखं वितळलेलं दिसलं तर तिथपर्यंत आग पोचली होती, असं वाचा.

दुसरी, अधिकार. हे अवजार कोणाला उचलायची परवानगी होती आणि कोणाला नव्हती? शपथ, लग्न, राज्यारोहण, दफन यांत त्याची जागा काय होती? चिठ्ठीवर हे नसेल तर चिठ्ठी अपुरी आहे.

तिसरी, हात. कोणी घडवलं, कोणी वापरलं, आणि कोणाच्या हातून ते इथवर आलं? विकलं, दिलं, की हिसकावलं? तीनही वाक्यांत कर्ता हवा. 'संपादित करण्यात आलं' असल्या बिनकर्त्याच्या वाक्याचा आपण मराठीत कंटाळा करतो. इथे तर त्याचा संशयच घ्यायला हवा.

एक प्रश्न लेखी आला आहे, तो वाचतो. 'संग्राहकांनी जपलं नसतं तर हे सगळं वितळवून टाकलं गेलं असतं. मग संग्रह करणं वाईट कसं?'

चांगला प्रश्न आहे, टाळण्यासारखा नाही. होय, काही वस्तू संग्राहकांमुळेच वाचल्या. पण दोन गोष्टी बघा. लोखंड वितळवणं किंवा पुन्हा ठोकणं म्हणजे लोहाराच्या दृष्टीने नाश नव्हे. झिजलेल्या कुदळीची सुरी होते, सुरीचा खिळा. गूचा पुतळाच मुळी जुन्या लोखंडाचा आहे. आजही आफ्रिकेतले लोहार मोटारीच्या पाट्यांपासून, भंगारापासून अवजारं करतात. लोखंडाचं फिरत राहणं हीच त्या कलेची रीत आहे. ती एका जागी थांबवून आपण जे वाचवतो ते आकाराला वाचवणं असतं.

दुसरं म्हणजे, नष्ट झालं ते काय, हे विचारा. गावोगावच्या भट्ट्या थंड पडल्या त्या वसाहतींच्या काळात, युरोपचं स्वस्त लोखंड आल्यावर. टोगोतल्या बांजेली इथे जुन्या पद्धतीने लोखंड गाळून दाखवायचं ठरलं, त्यावर १९८६ मध्ये 'द ब्लूम्स ऑफ बांजेली' हा माहितीपट आला. पण ती भट्टी कॅमेऱ्यासाठी पुन्हा पेटवावी लागली होती. गाळणी कधीच बंद पडली होती. आधी काम मोडायचं आणि मग कामाची अवजारं जपल्याबद्दल आभार मागायचे, हा हिशेब मला पटत नाही. म्हणून माझं उत्तर : संग्रह करावा, पण चिठ्ठी पूर्ण लिहावी, परत मागणाऱ्याचं ऐकावं, आणि मृत लोहाराच्या हातोड्याला जेवढे पैसे मोजतो त्यातले थोडे तरी जिवंत लोहाराने आपल्या नावाने केलेल्या नव्या कामाला मोजावेत. या शेवटच्या गोष्टीला कुठल्याच सरकारची परवानगी लागत नाही. ती उद्यापासून करता येईल.

तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या संग्रहालयाच्या संकेतस्थळावर असा बिनदांड्याचा हातोडा दिसला, तर 'किती आधुनिक आकार!' हे पहिलं वाक्य मनात येऊ द्या, त्यात गैर काही नाही. फक्त तिथेच थांबू नका. त्याच्या तोंडावरची झीज मोठी करून बघा, आणि चिठ्ठीत कर्ता शोधा. सापडला नाही तर संग्रहालयाला पत्र लिहून विचारा. विचारणाऱ्यांची संख्या वाढली की चिठ्ठ्या बदलतात.

आज इथेच थांबतो.